सहावं नाव

नदीच्या कडेला पहिला पातळ बर्फ धरला त्या आठवड्यात राकेल हियेतालाला मोठ्या मंडळीकडून, म्हणजे गावच्या जुन्या चर्चकडून, पत्र आलं. पाकीट फोडायच्या आधीच तिला ठाऊक होतं आत काय असणार ते. चोवीस वर्षं असली पत्रं तिनेच घड्या घालून पाकिटांत भरली होती. या वर्षी गावातून जे प्रभूच्या घरी गेले त्यांची नावं सर्वसंतांच्या दिवशी, शनिवारी सकाळी दहाच्या उपासनेत वाचली जातील. प्रत्येक नावाला एक मेणबत्ती लागेल, घंटेचा एक टोला पडेल. कुटुंबातल्यांनी अवश्य यावं. खाली गावच्या धर्मगुरूची सही होती : मार्केता इन्नाला, पाळक. आणि सहीच्याही खाली निळ्या शाईने हाताने लिहिलेलं होतं : "राकेल, ये ना."

तिने पत्र पावाच्या डब्याखाली ठेवलं. कॉफी केली. मग पत्र परत काढलं आणि निळी ओळ तेवढी पुन्हा वाचली.

तिचा नवरा एल्यास मार्चमध्ये गेला होता. सुतार माणूस. सकाळी न्याहारी करून कारखान्यात गेला, रंधा हातात घेतला, आणि तिथेच खाली बसला तो उठलाच नाही. त्याचं नाव मोठ्या मंडळीच्या दफ्तरात शेवटपर्यंत होतं, म्हणून हे पत्र. नाहीतर गेल्या अकरा वर्षांत तो त्या चर्चच्या पायऱ्या एकदाही चढला नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी मार्केता या गावची पाळक म्हणून आली आणि एल्यासने चर्चमध्ये जाणं सोडलं. बाईने वेदीपाशी उभं राहावं असं शास्त्रात कुठे लिहिलंय ते दाखवा, मी उद्या येतो, असं तो म्हणायचा. भांडला नाही, ओरडला नाही, नुसता थांबला. त्याच्यासारखी आणखी विसेक माणसं होती. दोन वर्षं ती रविवारी आपापल्या घरी बसली. मग त्यांनी आपला वेगळा पाळक आणला, त्यांच्याच वेगळ्या बिशपच्या हातून दीक्षा घेतलेला, आणि पुलापलीकडचं बंद पडलेलं जोड्यांचं दुकान भाड्याने घेतलं. पण दफ्तरातली नावं बहुतेकांनी काढली नाहीत. "घर आपलंच आहे," एल्यास म्हणे, "आपण फक्त अंगणात येऊन बसलोय. घरातले शुद्धीवर आले की परत आत जायचंच आहे." त्या अंगणातच नऊ हिवाळे गेले.

गावाने टिंगल करायची तेवढी केली. देवाने मोशेला जोडे काढ म्हणून सांगितलं आणि हे थेट जोड्यांच्या दुकानातच शिरले, ही त्यातली सगळ्यांत चांगली. दुकानाच्या एका भिंतीला जमिनीलगत लांबच लांब आरसा होता, गिऱ्हाइकांना पायातला जोडा बघायला. मालक तो काढू देईना. त्यामुळे प्रार्थनेला मान खाली घातली की ज्याला त्याला आपली आणि शेजाऱ्याची पावलं दिसत. बाकी जागा एल्यासने उभी केली होती. वेदी, कठडा, बाकं, सगळं बर्चच्या लाकडाचं, एकही खिळा न वापरता.

राकेल मात्र पहिली दोन वर्षं चर्चमध्येच होती. ती तिथली ऑर्गनवादक होती. मार्केता वेदीपाशी उभी राहायची आणि राकेल वर माडीवर ऑर्गनशी बसायची. एल्यास म्हणतो ते शास्त्रात लिहिलेलं तिनेही वाचलं होतं, पण मार्केताने पहिल्यांदा आशीर्वाद दिला तेव्हा आपल्या पायाखालची जमीन हलली असं काही तिला वाटलं नव्हतं. बरोबर कोण, चूक कोण, याचा निकाल तिच्या मनात कधी लागलाच नाही. तिच्या मनात होते ते सूर. सुरुवातीचे चार सूर वाजवून झाले की खाली तीन-चारशे माणसं एकदम श्वास घेत, आणि तो श्वास तिला पाठीत जाणवे. त्या एका क्षणासाठी ती आठवडाभर जगायची.

मग एका रविवारी ती चर्चमधून घरी आली. ओसरीत बूट काढत असताना स्वयंपाकघरातून आवाज आला. एल्यास गात होता. एल्यासचा गळा म्हणजे कुठल्याच चौकटीत न बसणारं दार. चर्चमध्ये ऑर्गनच्या आधाराने तो कसाबसा निभावून न्यायचा. इथे आधाराला काही नव्हतं. गीतांचं पुस्तक त्याने कॉफीच्या किटलीला टेकवून उभं केलं होतं आणि अंगात चर्चचा कोट होता. कडवं संपलं. मग तो पाळकाच्या आवाजात म्हणाला, "प्रभू तुमच्याबरोबर असो." जरा थांबला. आणि मंडळीच्या वतीने आपणच उत्तर दिलं, "आणि तुझ्याही आत्म्याबरोबर असो."

राकेल एक बूट हातात घेऊन ओसरीतच उभी राहिली. सातही कडवी संपेपर्यंत ती आत गेली नाही.

त्याच आठवड्यात तिने राजीनामा दिला. मनगटं दुखतात, असं लिहिलं. एल्यासलाही तेच सांगितलं. त्याने महिनाभर तिला लोणी लावायचीही सुरी उचलू दिली नाही. मग दुकान उघडलं, कुणाच्या तरी माळ्यावरची एक जुनी पायपेटी तिथे आली, आणि एल्यासने हळूच विचारलं, "तेवढी झेपेल का गं मनगटांना?" ती म्हणाली, झेपेल.

*

सर्वसंतांच्या आदल्या रविवारी दुकानातली उपासना संपली आणि कॉफी झाली. वेलदोड्याचा गोड पाव कापता कापता हेल्वीने विचारलं, "पत्र आलं असेल तुला."

हेल्वी एल्यासची थोरली बहीण. चौऱ्याहत्तर वर्षांची, काठीसारखी ताठ. तिच्या जिभेला अख्खं गाव वचकून असे.

"तुला कुणी सांगितलं?"

"टपालवाला माझ्याकडे कॉफीला थांबतो. जाणार आहेस?"

"ठरवलं नाही अजून."

"त्यात ठरवायचंय काय? दहाला तिथे उपासना, दहाला इथे उपासना. इथे पेटी कोण वाजवणार? माझी मांजर? दोन्ही डगरींवर हात ठेवणारा शेवटी पाण्यात पडतो, राकेल."

"माझे पाय कुठे आहेत तेच मला कळेनासं झालंय, हातांचं काय घेऊन बसलीस!"

हेल्वीने सुरी खाली ठेवली. "मार्चमध्ये त्याला चर्चच्या दारावरून तसाच पुढे नेला, ते विसरलीस? माझा भाऊ. त्याच चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला होता."

राकेल विसरली नव्हती. मार्केताने चर्च देऊ केलं होतं, पण दुकानाच्या पाळकाने आत उपासना चालवायला वरून मनाई होती आणि मार्केताच्या हातून दफन एल्यासला चाललं नसतं. मग शवपेटी दुकानातून निघाली ती थेट स्मशानात गेली. चर्चपाशी येताच वाहक आपोआप थांबले, पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. मग कुणीतरी खाकरलं आणि सगळे पुढे चालू लागले.

पाळक सेवेरी कप घेऊन त्यांच्यापाशी आला. चौतिशीचा माणूस, चार लेकरांचा बाप. दर दुसऱ्या रविवारी किनाऱ्यावरच्या शहरातून दीडशे किलोमीटर गाडी हाकत यायचा आणि दुपारी तसाच पुढच्या गावाला जायचा. डोळ्यांखाली कायम काळी वर्तुळं.

"आपणही एल्यासचं नाव वाचणार आहोत, राकेल," तो म्हणाला. "वेदीवर मेणबत्ती लावू."

"एकच."

"हो. देवाची कृपा, या वर्षी आपल्यातला एकच गेला."

"पास्टर, रागावू नका. पण एका नावाची काही यादी होत नाही. तो या गावात सत्तर वर्षं राहिला. या वर्षी जी माणसं गेली त्यांतल्या निम्म्यांची दारं-खिडक्या त्याने केलेली. शाळेतली स्वयंपाकीण गेली, तिच्याबरोबर तो लग्नाआधी नाचलाय. त्यांच्यात त्याचं नाव कसं ऐकू येतं ते मला ऐकायचंय. बस, एवढंच."

सेवेरीने कॉफीचा घोट घेतला. "जाऊ नका असं मी म्हणणार नाही," तो शेवटी म्हणाला. "तिथल्या वेदीवरून प्रभुभोजनाची भाकर घेतलीत तर मात्र मला लागेल."

"प्रभुभोजनाचं कोण बोलतंय!"

"माझी आई अजून मोठ्या मंडळीतच आहे," सेवेरी कपात बघत म्हणाला. "माझं प्रवचन तिने एकदाही ऐकलेलं नाही. रविवारी फोन करते. जेवलास का, विचारते. कशावर बोललास, ते विचारत नाही." त्याने कप विसळला आणि कोट चढवला. पुढच्या गावाला उशीर होत होता.

*

गुरुवारी राकेल चर्चमध्ये गेली. मार्केता एकटीच होती. कमरेवर हात ठेवून वाळू भरलेल्या लोखंडी थाळ्यापुढे उभी होती आणि वाळूत मेणबत्त्या नीट उभ्या राहतात का ते बघत होती. पायात जाड लोकरी मोजे. शेतकऱ्याची पोर, आवाज असा की ध्वनिक्षेपक लागत नसे.

"आलीस!" ती म्हणाली.

"यादी बघायला आलेय."

मार्केताने खिशातून कागद काढून दिला. एकोणीस नावं, आडनावांच्या क्रमाने. राकेलचं बोट खाली खाली सरकलं. पाचवं नाव ओन्नी हेराला. सहावं एल्यास योहान्नेस हियेताला.

"अगं बाई, ओन्नीच्या शेजारी!" तिच्या तोंडून निघून गेलं. "तीस वर्षं कुंपणावरून भांडले दोघं. बोलायचे नाहीत एकमेकांशी."

"आता बसा म्हणावं मांडीला मांडी लावून," मार्केता म्हणाली, आणि दोघी हसल्या. मोकळ्या चर्चमध्ये ते हसणं जरा जास्तच मोठं वाटलं.

मग मार्केताने विचारलं, "मनगटं कशी आहेत?"

राकेलने कागदाची घडी घातली. नऊ वर्षं हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. ज्याला सांगायला हवं होतं तो आता नव्हता.

"कधी दुखलीच नाहीत."

"ते मला ठाऊक आहे. राजीनामा दिलास आणि दोनच दिवसांनी बटाट्याची पोती उचलताना दिसलीस."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? मला वाटलं, हिलाही मी चालत नाही. तोंडावर म्हणायला लाजली असेल." मार्केताचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "नऊ वर्षं मी तसंच धरून चाललेय, राकेल."

"तुझ्यामुळे नाही गं. एल्यास घरी एकटा गात होता."

"म्हणजे?"

"स्वयंपाकघरात. कोट घालून. पाळकही तोच आणि मंडळीही तोच. मी ऐकलं. मग मला इथे बसवेना."

मार्केता पहिल्या बाकावर बसली. "एवढंच?"

"एवढंच."

मार्केताने पायातले मोजे वर ओढले. मग मार्केता म्हणाली, "आता तर तो नाही. परत ये ना. आमचा तरुण वादक तीन गावं सांभाळतो, महिन्यातून दोनदा येतो. बाकी रविवारी आम्ही नुसत्या आवाजावर गातो. ऑर्गन तुझी वाट बघतोय असं मी म्हणणार नाही, पण मी बघतेय."

"तसं नसतं ते," राकेल म्हणाली. पण कसं असतं ते तिला सांगता येईना. जोड्यांच्या दुकानात ती नवऱ्यासाठी गेली होती, हे खरं. पण तिथे दर उपासनेत तिला नावाने हाक मारून पापांची क्षमा सांगितली जाई. एल्यास गेला तेव्हा तिथल्या माणसांनी सहा आठवडे तिच्या घरी पाळीपाळीने जेवण पोचवलं होतं. ते दुकान आता नवऱ्याचं राहिलं नव्हतं, तिचं झालं होतं. आणि तरीही या उंच छताखाली उभं राहिलं की तिच्या छातीत काहीतरी ओढल्यासारखं होई.

"वर जाऊ का जरा?" तिने विचारलं.

"मला कसलं विचारतेस!"

माडीचा जिना तितकाच कुरकुरला. राकेलने बूट काढले, बाकावर बसली, मोज्यांच्या पायांनी खालच्या लांब पट्ट्या चाचपल्या. भाता भरल्याचा उसासा आला. ती वाजवू लागली. बोटांनी काही विसरलं नव्हतं. एक नळी ओलीने सुजली असावी, ती पाव क्षण उशिरा बोलत होती. खालचा सगळ्यांत खोल सूर लागला तेव्हा बाक थरथरलं आणि ती थरथर तिच्या पाठीच्या कण्यातून वर चढली. तिने एक गीत वाजवलं, दुसरं वाजवलं. तिसऱ्याचे पहिले चार सूर वाजवले आणि थांबली. सवयीने थांबली, श्वासासाठी.

खालून श्वास आला नाही. मार्केता एकटी बाकावर मान वर करून बसली होती.

नऊ वर्षं आपण या नळ्यांसाठी झुरतो आहोत असं राकेल समजत होती. ते तसं नव्हतं तर. तिने झाकण लावलं आणि बूट घातले.

"उपासनेला येईन शनिवारी," खाली आल्यावर ती म्हणाली.

संध्याकाळी तिने हेल्वीला फोन केला. "शनिवारी मी चर्चमध्ये जातेय. पेटी वाजणार नाही. पास्टरना सांग."

 पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

*

शनिवारी सकाळी राकेलने काळा कोट घातला, केस विंचरले आणि साडेनऊला घराबाहेर पडली. रात्रीच्या पावसाचं पाणी गोठलं होतं, रस्ता काचेसारखा. ती जपून पावलं टाकत होती. रस्ता पुलापाशी येऊन फुटे : सरळ गेलं की चर्च, पूल ओलांडला की जोड्यांचं दुकान. चर्चच्या रस्त्याने माणसं चालली होती, काळ्या कोटांतली, दोघं-दोघं, तिघं-तिघं. कुणी तिला बघून मान लववली. ती त्यांच्यात मिसळणार एवढ्यात तिच्या शेजारी एक टॅक्सी थांबली आणि काच खाली आली.

आत आतामी होता. एकोणनव्वद वर्षांचा, डोळ्यांना जवळजवळ दिसत नसे. चाळीस किलोमीटरवरच्या जंगलातल्या घरातून दर उपासनेला टॅक्सी करून यायचा.

"ड्रायव्हर म्हणाला, काळ्या कोटातली उंच बाई आहे. मी म्हटलं, राकेलच असणार," तो म्हणाला. "बरं झालं भेटलीस. आज पहिलं गीत कुठलं? तेवढं सांग. पोचेपर्यंत शब्द आठवून ठेवतो. सुराचं काही नाही, तू सूर दिलास की मी येतोच मागून."

राकेल टॅक्सीच्या छतावर हात ठेवून उभी राहिली. चर्चची घंटा वाजायला लागली होती. चारशे माणसं. तिच्यावाचून त्यांचं काही अडणार नव्हतं. आज तरुण वादकाची पाळी होती, तो सूर देणार होता. आणि पलीकडे तेरा माणसं उभी राहून आपापल्या पट्टीत गाणार होती, प्रत्येक जण एकटा.

"आतामी, सरक आत," ती म्हणाली.

"का? पाय घसरला?"

"हो. घसरला."

दुकानात शिरली तेव्हा पेटीवर हेल्वी बसली होती. कोट तसाच, टोपी तशीच. एका बोटाने पट्ट्या दाबत होती आणि पाय मारायचं विसरत होती, त्यामुळे पेटी दम्याच्या रोग्यासारखी धापा टाकत होती. पुढ्यात तिने कागदावर पट्ट्यांचं चित्र काढून आकडे घातले होते. एक, तीन, तीन, चार.

"हे काय चाललंय?" राकेलने विचारलं.

हेल्वीने वर बघितलं नाही. "पहिला सूर तरी देता येतो का बघत होते. सात वाजल्यापासून बसलेय."

"ऊठ. जीव जाईल बिचारीचा."

हेल्वी उठली. ती राकेलच्या कोटाच्या कॉलरवर नसलेली धूळ झटकून आपल्या जागी जाऊन बसली.

उपासना सुरू झाली. राकेलने चार सूर दिले, तेरा माणसांनी श्वास घेतला. लहानसा, कुणाचा खोकला मिसळलेला श्वास. सेवेरीने एल्यासच्या हातच्या वेदीवर एक मेणबत्ती लावली आणि एल्यास योहान्नेस हियेताला हे नाव वाचलं. ते दुकानाच्या भिंतींना लागून लगेच विरलं. मग त्याने पवित्र शास्त्र उघडलं आणि बोलायला लागला.

पाच-सहा मिनिटं झाली असतील. नदीपलीकडून एक टोला आला.

दुकानाची जुनी एकेरी काच. आज कधी नव्हे तो वारा त्या बाजूचा. टोला असा स्वच्छ आला, जणू शेजारच्या खोलीत कुणी भांडं ठेवलं. सेवेरी अडखळला, आणि पुढे बोलू लागला. दुसरा टोला. तो या गावचा नव्हता, त्याला काही कळेना. हेल्वी सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाली, "तिकडे नावं वाचतायत."

सेवेरीने मान डोलावली, प्रवचनाचा धागा पुन्हा धरला. तिसरा टोला. त्याची नजर राकेलवर गेली. ती पेटीशी बसली होती, एक हात मांडीवर, आणि मांडीवर तिने तीन बोटं उघडली होती. सेवेरीने वाक्य अर्ध्यात सोडलं.

"कितवं?" त्याने विचारलं.

"सहावं," राकेल म्हणाली.

त्याने पुस्तक मिटलं. चौथा टोला पडला. आणि मग हेल्वी उठून उभी राहिली. तिच्या मागोमाग बाकं करकरली, एकेक जण उठला. आतामीला शेजाऱ्याने हात दिला. पाचवा टोला, म्हणजे ओन्नी हेराला. राकेलला कुंपणापाशी उभा असलेला ओन्नी दिसला, तोंड वाकडं केलेला. ती उठली.

सहावा टोला आला. बाकीच्यांसारखाच होता, ना मोठा ना लहान. पण तो एकोणिसातला एक होता, त्याच्या आधी माणसं होती आणि पुढे माणसं होती, सगळी ओळखीची. राकेलने तो संपूर्ण ऐकला, अगदी शेवटी नुसती हवा उरेपर्यंत. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिने ते वाहू दिलं.

ते बसले नाहीत. सातवा, आठवा, नववा, एकोणिसावा टोला पडेपर्यंत तेरा माणसं, राकेल आणि त्यांचा पाळक उभे होते. आतामी पुटपुटत नावं लावत होता, काही बरोबर, काही चूक. सगळं थांबल्यावर सेवेरीने मिटलेलं पुस्तक वेदीवर ठेवलं. मग म्हणाला, "प्रवचनातलं पुढचं मी विसरलो. गीत म्हणू या."

*

कॉफी झाल्यावर, दुपारीच उजेड उतरायला लागला तेव्हा राकेल पूल ओलांडून स्मशानात गेली. जिकडेतिकडे दिवे लागले होते, काचेच्या डब्यांतले, शेकड्यांनी. माणसं हलक्या आवाजात बोलत फिरत होती. तिला बघून लोक "हं, राकेल" म्हणत, आणि ती "हं" म्हणे.

एल्यासच्या थडग्यापाशी मार्केता उभी होती, झग्यावरून जाड कोट घातलेला. हातात जळती मेणबत्ती, काचेत.

"सगळ्यांच्या घरच्यांनी आपापली नेली," ती म्हणाली. "ही राहिली. मी वाट बघितली. दारापाशी रिकामी जागाही ठेवली होती तुझ्यासाठी."

"येणार होते गं. पुलापर्यंत आलेही होते."

"मग?"

"आतामी भेटला."

मार्केताने ते जसं आहे तसं घेतलं. तिने मेणबत्ती राकेलच्या हातात दिली. राकेल वाकली, बर्फाळ माती जरा उकरून काच घट्ट बसवली.

"तिकडे ऐकू आलं का?"

"आलं. सगळे उभे राहिले. प्रवचन थांबवून."

"सगळे?"

"हेल्वी सगळ्यांच्या आधी."

मार्केताने तोंडावर हातमोजा धरला. ती हसतेय की रडतेय ते त्या उजेडात कळत नव्हतं. "माझ्या घंटेला हेल्वी उभी राहिली," ती म्हणाली.

"एल्यासच्या," राकेल म्हणाली.

"बरं, एल्यासच्या. रविवारी येशील?"

राकेल उभी राहिली, गुडघ्यावरची माती झटकली. या प्रश्नाला हो म्हणायला तिला किती आवडलं असतं हे मार्केताला दिसत असणार, असं तिला वाटलं.

"नाही," ती म्हणाली. "पण तू विचारत जा."

"विचारीन."

दूर फाटकापाशी कुणीतरी "पाळक" म्हणून हाक मारली. कुणाची तरी म्हातारी आई घसरली होती. मार्केताने राकेलचा दंड एकदा घट्ट दाबला आणि ती दिव्यांमधून लगबगीने निघून गेली. राकेल आणखी थोडा वेळ थांबली. मग थंडी बुटांतून वर यायला लागली तशी घरी निघाली. सकाळचे बटाटे उरले होते, ते लोण्यावर परतायचे होते.

त्यानंतर ती दुकानातच वाजवत राहिली. मार्केता वर्षातून दोनदा विचारायची, राकेल दोनदा नाही म्हणायची. उन्हाळ्यात चर्चची मोठी दारं उघडी टाकत. दुकानात उपासना नसलेल्या रविवारी राकेल सायकलवरून त्या रस्त्याने जाई. आत गीत चालू असलं की ती सायकल कुंपणाला लावून तिथे उभी राही. लोकांना ते ठाऊक होतं आणि कुणी वळून बघत नसे. गीत संपलं की ती पुन्हा सायकलवर बसे.